बांधलेला मोत्या

दत्तगुरूंच्या तसबिरीतले चार श्वान म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण दारात जखमी पिल्लू आलं की वेद नाही, खर्च आठवतो. मी पडलो बँकेतला कारकून.

मोत्या आठ महिन्यांचा. स्कूटरच्या धडकेत पाय मोडला. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं; सहा आठवडे पळणं, उड्या, जिना बंद. औषध, दहीभात वेळेवर, हिशेब चोख. तरी तो दिवसभर रडे, प्लॅस्टर कुरतडे. हित आपल्याला कळतं, त्याला फक्त साखळी कळते. ज्याला कारण सांगता येत नाही, त्याला त्याच्याच भल्यासाठी बांधावं का? बांधावं लागतंच. पण मग त्याच्या मनाचंही देणं आपल्याकडे निघतं. माझ्या खतावणीत ते नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, "पाय बांधलाय, नाक नाही." मग सौ. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून देऊ लागली. मी तीन वाट्या उपड्या घालून एकीखाली तुकडा लपवी. बसल्या जागी हुंगून शोधायचं. दहा-पंधरा मिनिटांत स्वारी दमून गाढ झोपे!

आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा गोळ्या, जेवण मी असंच घड्याळ लावून दिलं. ती म्हणे, "अरे, निदान मटार तरी सोलायला दे." मी म्हणे, "आई, तू नुसती पडून राहा." चार महिने ती छताकडे बघत होती.

काल वाट्या मांडताना हे आठवलं आणि हात थांबला. मोत्याने नाकाने वाटी माझ्याकडे ढकलली.