आज्ञा कोणाची आणि कुठवर?

धर्मशिक्षणाच्या वर्गात ख्रिस्ती माणसाचा पहिला सद्गुण कोणता, असे विचारले तर अनेक मुले 'आज्ञाधारकपणा' असे उत्तर देतात. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आज्ञा कोणाची, ती का पाळायची आणि कुठवर पाळायची, हे तीन प्रश्न त्या उत्तराच्या मागे दडलेले असतात. मुले मोठी होऊन संसाराला लागली की हे प्रश्न त्यांना गाठतातच. त्यांचाच थोडा विचार येथे आम्ही करणार आहोत.

पुनावळे हे एके काळी पवनेच्या परिसरातले शेतीचे गाव होते. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. वसईहून, अहिल्यानगर जिल्ह्यातून, गोव्याहून, मंगळूर आणि केरळहून पोटासाठी आलेली आपली कुटुंबे या भागात राहतात आणि हिंजवडी, भोसरी, चाकण येथे कामाला जातात. कारखान्याचे जीवन म्हणजे आज्ञांचेच जीवन. पाळी कोणती, उत्पादन किती, सुट्टी कधी, हे सारे वरून ठरते. यात गैर काही नाही. शिस्तीवाचून यंत्रही चालत नाही आणि संसारही. परंतु एखाद्या दिवशी वरिष्ठ सांगतात, "माल आज रवाना झालाच पाहिजे, तपासला असे लिहून सही करा." माल गाडीच्या ब्रेकचा असतो. सही करणारा कंत्राटावर असतो. घराचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जायचा असतो. अशा वेळी आज्ञाधारकपणा म्हणजे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच मातीतल्या एका संताची आठवण होते. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथली. किशोरवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला आणि अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर त्यांना दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पाठविण्यात आले. १५९६ च्या अखेरीस जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या हुकुमाने त्यांना पकडण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते आणि उरलेले सतरा जण साधे जपानी प्रापंचिक होते. काही तर लहान मुलेच होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

या एका आयुष्यात आज्ञापालनाची तीन रूपे दिसतात. पहिले रूप नकाराचे. ज्या दारावर त्यांनी टकटक केली ते उघडले नाही. त्यांनी तो नकार मानला, पण हाकेकडे पाठ फिरविली नाही. वरिष्ठांचा नकार हा देवाने आपल्याला टाकून दिल्याचा पुरावा नव्हे, एवढे त्यांच्या जीवनावरून कळते. दुसरे रूप होकाराचे. दुभाषाचे काम मानाचे नसते. बोलतो तो दुसराच आणि दुभाषी त्याचे शब्द पोहोचवितो. ते काम त्यांनी निष्ठेने केले. तिसरे रूप मात्र वेगळे आहे. राजाज्ञेपुढे जेव्हा श्रद्धाच पणाला लागली, तेव्हा हा आज्ञाधारक बंधू मान तुकविण्यास तयार झाला नाही.

मग ही विसंगती म्हणायची काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकाचेच ऐकले. मनुष्याची आज्ञा आपण पाळतो ती देवाने नेमून दिलेल्या चौकटीत. ती चौकट ओलांडून कोणी देवाच्या आज्ञेविरुद्ध काही सांगू लागला, तर त्या सांगण्यातला अधिकारच संपतो. प्रेषितांनी यरुशलेमच्या न्यायसभेला हेच बजावले होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही वरिष्ठांची आज्ञा सर्वच बाबतींत बंधनकारक नसते, असे तेराव्या शतकात स्पष्ट केले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरंगातले पवित्र स्थान मानले, ते याच परंपरेला धरून.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आज्ञापालनाचे नाव घेऊन दुर्बलांचे तोंड बंद करण्याची रीत आपल्या समाजात नवी नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला "हा तुझा क्रूस आहे, निमूट वाहा," असे सांगणारे नातेवाईक असतात. प्रभूने क्रूस स्वेच्छेने उचलला. कोणाच्या पाठीवर तो लादला नाही. ख्रिस्तसभेच्या आतही हाच नियम लागू आहे. धर्मगुरू वा मठवासी यांच्याकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराची खबर वरिष्ठांना देणे हे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सर्व धर्मगुरू व व्रतस्थांचे कर्तव्य ठरविले. आज्ञापालनाच्या पडद्याआड मौन पाळणे हा सद्गुण नाही, हेच त्यातून सिद्ध झाले.

आता विश्वासाकडे वळू. गेथशेमनीच्या बागेत प्रभूने आधी आपले दुःख पित्यापुढे उघडे केले. हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि मगच पित्याची इच्छा प्रमाण मानली. हा क्रम महत्त्वाचा आहे. गुलाम आज्ञा पाळतो ती भीतीने आणि मूकपणे. पुत्र ती पाळतो बोलून, रडून, प्रसंगी हुज्जत घालूनही, कारण समोरचा पिता आहे यावर त्याचा भरवसा असतो. विश्वास हा आज्ञापालनाचा प्राण आहे. तो नसेल तर उरते ते केवळ भय.

परंतु विश्वास म्हणजे विमा नव्हे. सही नाकारणाऱ्याची नोकरी राहीलच, असे आश्वासन आम्ही कोणत्याही व्यासपीठावरून देऊ शकत नाही. फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. अनेकांनी, धर्मगुरूंनीसुद्धा, त्याला घरच्यांचा विचार करण्यास सांगितले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. पण म्हणून त्याच्या पत्नीचे वैधव्य काही टळले नाही.

म्हणूनच या प्रश्नाचा भार एकट्या कामगारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. "देवावर विश्वास ठेव," असे रविवारी सांगणाऱ्या धर्मग्रामाने सोमवारी त्याचा हप्ता, त्याच्या मुलांची फी आणि घरातले धान्य यांचीही विचारपूस करावयास हवी. आपल्या अनेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने मदतकार्य चालते. आजारी व वृद्धांबरोबरच, सत्यासाठी रोजगार गमावलेल्याचे घरही त्या यादीत का असू नये? कारखान्यांत वरच्या जागांवर बसलेली आपली माणसे आहेत. आपली आज्ञा खालच्याला पापात तर ढकलीत नाही ना, हे त्यांनीही तपासावे. आज्ञा पाळणाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, आज्ञा देणारा देवापुढे उत्तरदायी असतो.

देव आपल्या लेकरांची काळजी बहुधा दुसऱ्या लेकरांच्या हातूनच घेतो. तेव्हा शेजारच्या इमारतीतला एखादा बांधव खोटी सही नाकारून घरी परतला, तर त्याला धीर देण्यास देव कोणाला पाठवील याची वाट पाहत बसू नये. त्या संध्याकाळी त्याच्या दारी जाणे, हीच कदाचित आपल्याला झालेली आज्ञा असेल.