ज्यांची कबर समुद्र आहे

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर काळ्या वाळूत उभे राहिले की समोर केवळ पाणी दिसते. या किनारपट्टीवरील कित्येक मुस्लिम घरांतील तरुण मुंबईला गेले आणि तेथून इंग्रजांच्या जहाजांवर खलाशी म्हणून लागले. दोन्ही महायुद्धांत जहाजे बुडाली. अनेक खलाशी परतलेच नाहीत. अशा दर्यावर्दींचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नावे तेथे नोंदलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे 6,500 नावे एका ग्रंथात आहेत. त्याची तशीच प्रत चितगावला ठेवली आहे.

स्मरणासाठी पुतळे उभारण्याविषयी आपली भूमिका सर्वश्रुत आहे, आणि ती निराधार नाही. माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले आहे की, नूह (अलै.) यांच्या समाजात सदाचारी माणसांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने मूर्ती उभारल्या गेल्या, पूजा पुढच्या पिढ्यांनी सुरू केली. आरंभी फक्त आठवण होती. तेव्हा सावधगिरी योग्यच. परंतु स्वतःला विचारून पाहा, पुतळा नाकारताना आपण स्मरणही सोडून दिले नाही ना? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माननीय उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या कबरीच्या उशाशी स्वतः उचलून दगड ठेवला, ओळख राहावी म्हणून. उहुदच्या शहीदांसाठी त्यांनी आठ वर्षांनंतरही दुआ केली.

कोणी म्हणेल, हे खलाशी साम्राज्याचे चाकर होते, त्यांचा गौरव कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ते युद्ध त्यांचे नव्हते. पण बहुतेक जण घरची चूल पेटावी म्हणून गेले होते, आणि बुडून मरण पावलेल्या ईमानधारकाची गणना हदीसने शहीदांत केली आहे. नियतचा हिशेब अल्लाहपाशी. युद्धाचा गौरव वेगळा, मृताचे स्मरण वेगळे. दगडी योद्ध्याच्या हाती बंदूक दिली की हा भेद पुसट होतो; नावांची यादी मात्र कोणालाही लढायला बोलावत नाही.

तुमच्या घराण्यात असा कोणी न परतलेला चुलत पणजोबा असेल, तर त्याचे नाव दादीला किंवा नानीला आजच विचारून घ्या. मुंबईला गेलात तर ते त्या नोंदींत शोधा, आणि तेथेच उभे राहून मगफिरतीची दुआ करा.