रुईचे पान



आषाढीच्या वारीत जेजुरी मागे टाकून वाल्हे, लोणंद, फलटण असे चालू लागले म्हणजे माळावर, पडक्या भिंतीच्या कडेला एक झाड हटकून भेटते. कोणी लावले नाही, कोणी पाणी घातले नाही. तरी हिरवेगार उभे असते आणि जांभळट-पांढऱ्या फुलांचे गुच्छ मिरवीत असते. ती रुई. संस्कृतात तिला अर्क म्हणतात, म्हणजे सूर्याचेच नाव. पांढऱ्या फुलांच्या रुईला अमरकोशात अलर्क, प्रतापस अशी नावे आहेत.

आता प्रश्न असा, की जिथे हरळीसुद्धा करपते तिथे ही जगते कशी? पान उलटून पाहा म्हणजे उत्तर सापडेल. खालच्या अंगावर कापसासारखी पांढरी लव असते. ती उन्हाची तिरीप परतवते, वाऱ्याला पानाशी झोंबू देत नाही आणि आतली ओल आत राखते. वर लवेचे कांबळे, खाली खोल गेलेले मूळ. मग उन्हाळा काय करणार? साधकाचेही असेच आहे. बाहेर वैराग्याचे पांघरूण आणि आत नामाचे खोल मूळ असले, म्हणजे संसाराचा वैशाख त्याला सुकवीत नाही.

शनिवारी मारुतीरायाला रुईच्या पानांची माळ, रथसप्तमीला स्नानाच्या वेळी मस्तकावर सात पाने, ग्रहयज्ञात सूर्याला रुईची समिधा. एवढा या झाडाचा मान! पण मायबाप, आम्ही गावोगाव काय पाहतो? देवळाजवळची रुई शनिवारी सकाळी बोडकी झालेली. फांद्या मोडलेल्या, चीक गळतो आहे, आणि पानाखाली असलेली सुरवंटे पायदळी गेलेली. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ते पोर पुढे नारिंगी फुलपाखरू होते. रुईचे विष पचवून ते अंगी साठवते, म्हणून पाखरे त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचे घर ओरबाडून केलेली माळ कोणत्या तोंडाने वाहावी?

कोणी म्हणेल, महाराज, रुई तर रानची. ती कुणाच्या बापाची आहे? बरोबर. पण अर्पण आपले असावे. भगवंतांनी गीतेत पानफूल मागितले ते भक्तीने दिलेले मागितले. अरणचे सावतोबा मळ्यातच विठ्ठल पाहात; त्यांची खुरपणी हीच पूजा होती. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ज्याला माळ वाहायची त्याने एक रुई लावावी.

लावणे अवघड नाही. मृगाच्या पावसात बोटभर जाडीची, हातभर लांब फांदी छाटावी. एक-दोन दिवस सावलीत ठेवून चीक वाळला, की निचऱ्याच्या मुरमाड जागी, भरपूर उन्हात खोचावी. खत नको. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी पुरे. पुढे तेही नको. मायेपोटी रोज पाणी घालाल तर मूळ कुजेल. लेकराला आणि शिष्याला अति लाडाने जे होते, तेच!

झाड पुरुषभर उंच होते, तेव्हा दरसाल छाटावे. पहिले वर्षभर पान तोडू नये. पुढे एका फांदीची दोन-चार पानेच घ्यावी, शेंड्याची राखावी, आणि पान उलटून अंडे, सुरवंट नाही ना हे पाहूनच तोडावे.

एक गोष्ट कळकळीची. रुईचा चीक विषारी आहे. डोळ्यात गेला तर कधी कधी दुखत नाही, पण दिसणे अंधुक होते. म्हणून फसगत होते. पोरे खेळतात तिथे झाड लावू नये. तोडताना हाताला फडके गुंडाळावे, नंतर हात स्वच्छ धुवावे. डोळ्यात उडालाच, तर लगेच पुष्कळ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे. घरगुती औषध करीत बसू नये.

देव माळेतली पाने मोजीत नाही. स्वतः लावलेल्या झाडाचे एक पान वाहिले तरी मारुतीराया संतोष पावेल, आणि झाडही उभे राहील. यंदा वारीला निघण्यापूर्वी एवढे कराच.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!