रजा आणि राजीनामा

सहलीचा बेत आखणं सोपं की ताळेबंद जुळवणं, असं विचाराल तर मी ताळेबंद म्हणेन. तो निदान रात्री दहापर्यंत तरी जुळतो!

आमच्या दादाला अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली. वाचा परत आली, पाय आले नाहीत. त्यांच्या जागी चाकाची खुर्ची आली. या सहा वर्षांत वहिनी घराबाहेर बसल्या त्या फक्त दवाखान्याच्या बाकावर. तेव्हा बँकेची प्रवास-सवलत पदरात पडताच मी जाहीर केलं, "दोघांना शिरगावला नेणार!"

शिरगाव पालघर स्टेशनापासून सातेक किलोमीटर. किनाऱ्यावर सुरूचं बन, गावात मराठ्यांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला, आणि शेजारीच सातपाटी असल्यामुळे पापलेटाची चिंता नाही. दादा इतिहासाचा मास्तर, त्याला किल्ला, मला पापलेट. वहिनींना काय, हे मी विचारलंच नव्हतं.

उतरण्याच्या जागी फोन केला. "पायऱ्या आहेत का हो?"

"छे! फक्त तीन."

चेकवर रकमेपुढे आपण 'फक्त' लिहितो, ते पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. पायऱ्यांमागचं 'फक्त' असतं ते पुढे कुणी काही विचारू नये म्हणून. खुर्चीला उतार एकास बारा लागतो. म्हणजे दीड फूट चढायला अठरा फुटांचा उतार! दुसरं घर शोधलं. सपाट अंगण, रुंद न्हाणीघर. दाराची रुंदी मी फोनवरून इंचांत मोजून घेतली, तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, कपाट आणताय का?"

एवढं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या गोळ्या, ह्यांचं जेवण, रात्री दोनदा कूस बदलणं. इथे करते तेच तिथे करायचं, तर समुद्राचं भाडं कशाला भरायचं?"

प्रश्न बिनतोड होता. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. एक रजेवर गेला की त्याचा चार्ज तिसऱ्याला सही करून द्यावा लागतो. वहिनींकडे सहा वर्षं दोन्ही किल्ल्या! २०१६ च्या अपंग हक्कांच्या कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. पगार घेऊन किंवा न घेता सांभाळणारे, घरचेसुद्धा, तीत येतात. रजेचा मात्र त्या व्याख्येत उल्लेख नाही.

मग मी चार्ज घेतला.

शिरगावला वाळूत चाकं रुतली. दोन फळ्या आलटून पालटून पुढे टाकत खुर्ची सुरूच्या सावलीत नेली. वहिनी पाण्याकडे निघाल्या. दहा पावलांवर वळून पाहिलं, वीस पावलांवर पाहिलं, मग दिसेनाशा झाल्या. मी इमानेइतबारे दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "दादा, पाणी? ऊन लागतंय?"

शेवटी तो म्हणाला, "अरे, तिला रजा दिलीस ना? मग मलाही दे की! सहा वर्षांत 'काय हवंय' असं कुणी विचारल्याशिवाय माझा एक तास गेला नाही. तिचं करणं कमी नाही रे. पण रोज उपकार घ्यायचाही शीण येतो. तिला कसं सांगू? लागेल तिला."

मी लांब जाऊन बसलो.

संध्याकाळी वहिनी पदरात शिंपले घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तासभर ह्यांची आठवणच आली नाही हो, भाऊजी. पाप लागेल का?"

दोघांचा गुन्हा एकच निघाला, आणि दोघंही तो एकमेकांपासून लपवत होते! सेवेत खंड पडला की प्रेमात खोट आली, असं आपण धरून चालतो. बँकेत बावीस वर्षं काढली, पण रजेचा अर्ज करणाऱ्याचं बँकेशी भांडण आहे असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. रजा म्हणजे राजीनामा नव्हे. उलट रजा न मिळालेला माणूसच एक दिवस मनातल्या मनात राजीनामा देऊन टाकतो आणि नुसता हजेरी लावत राहतो.

रात्री जेवताना मी दोघांचे गुन्हे एकमेकांना सांगून टाकले. दोघांनीही ताटात पाहिलं. मग दादा हसला. वहिनी म्हणाल्या, "उद्या दोन तास जाईन."

त्या रात्री दादाची कूस बदलायचं काम माझ्याकडे होतं. मी गाढ झोपलो. ते वहिनींनीच केलं हे सकाळी कळलं. चार्ज घेणाऱ्याचा हात अजून कच्चा आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. ते दोन्ही शनिवार सध्या मी वहिनींच्या खाती जमा केले आहेत. हात पक्का होईपर्यंत, आणि नंतरही.