दर्शनाला डोळे हवेत, डोळ्यांना रोजचं तेल हवं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ जय श्री महाकाल 🙏

उज्जैनच्या सत्संगात महाराज जे बोलले, ते आज घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

महाराज म्हणाले, बाळांनो, आपल्यातल्या एक आजी महाकालाच्या दर्शनाला आल्या. तीन तास रांगेत उभ्या राहिल्या. देवासमोर आल्या आणि नातवाला विचारलं, "बाळा, आज शृंगार कसा केलाय रे?" समोर देव, पण आजींना दिसेना! पंधरा वर्षं साखरेचा आजार. गोळ्या चालू होत्या, पण डोळे एकदाही तपासले नव्हते. साखर डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. सुरुवातीला ना दुखतं, ना कळतं. कळेपर्यंत गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

आजी म्हणाल्या, "नशीब माझं." मी म्हटलं, "नशिबाला का बोल लावता? इतकी वर्षं तुम्ही माझ्या पाया पडता, मीच कधी विचारलं नाही." म्हणून आता सगळ्यांना विचारतो.

नंदादीपात रोज तेल घालावं लागतं. महाशिवरात्रीला डबाभर ओतून वर्षभर दिवा जळत नाही. डोळ्यांचंही तसंच. ताटात रोज पालेभाजी असू द्या, मेथी, पालक, शेवग्याचा पाला. गाजर, लाल भोपळा, पपई खा. यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते फार कमी पडलं की अंधार पडताच दिसेनासं होतं. भाजीला थोडं तेल-तूप हवं, तरच ते अंगी लागतं. पण गाजर खाऊन चष्मा जात नाही, हेही ऐका.

बिडी-सिगारेट सोडा, त्यानं मोतीबिंदूचा धोका वाढतो. मुलांना रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या, चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. मोबाईल वीस मिनिटं पाहिला की वीस सेकंद लांब बघा, मग तो आपल्या सत्संगाचा व्हिडिओ का असेना!

अर्घ्य देताना सूर्याकडे टक लावू नका, पडदा भाजतो. तीर्थ घेऊन हात डोक्यावरून फिरवा, डोळ्यांत थेंब घालू नका. मध, गुलाबपाणीही नको. एकादशीला साखरवाल्यांनी साबूदाण्यावर ताव मारू नका. उपास देवासाठी आहे, खिचडीसाठी नाही. आणि साखर असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. काचबिंदूही असाच गुपचूप येतो, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही बघा.

आजींच्या एका डोळ्याला लेझर केलं. उरलेली नजर सांभाळली गेली. आता देवासमोरचा दिवा त्यांना दिसतो, तेवढ्यावर त्या समाधान मानतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

*या आठवड्याची सेवा:* आज घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा, "डोळे शेवटचे कधी तपासले?" उत्तर आठवत नसेल, तर याच आठवड्यात सोबत घेऊन जा. हीच गुरुदक्षिणा.

श्री गुरुचरणी अर्पण 🙏