फिरकी आणि कपट

लबाडी करूं नये, असें मुलांना शिकविणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनीं फिरकी गोलंदाजास टाळ्या वाजवाव्या काय? हा प्रश्न आम्हांस आमच्या लहानग्या पुतण्यानें विचारिला. फेब्रुवारी २०१९ मध्यें विदर्भ व सौराष्ट्र यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना पाहण्यास आम्ही वाशीमहून नागपूरजवळील जामठ्यास गेलों होतों. आदित्य सरवटे यांच्या डावखुऱ्या फिरकीनें चेतेश्वर पुजारांसारख्या कसलेल्या फलंदाजास पहिल्या डावांत एका धावेवर, तर दुसऱ्यांत शून्यावर परत धाडलें. सामन्यांत त्यांनीं ११ बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनीं विजयी झाला. आम्ही हर्षभरित, पुतण्या मात्र म्हणाला, “पण काका, त्यांनीं त्याला फसवलंच ना?”

चेंडू हवेंत एक सांगतो व टप्पा पडतांच दुसरें करतो, हें खरें. परंतु कपटास आडोसा लागतो. ही चकवणूक भर उन्हांत, पंचांदेखत चालते. आपणांस चकविण्यासाठींच चेंडू येत आहे, हें फलंदाज जाणून असतो. गोलंदाजाचें मनगट निरखण्यास त्याला कोणाची मनाई नसते. बाजारांत खोट्या काट्यापुढें सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्यास मात्र आपल्याशीं डाव मांडला आहे, याचीच वार्ता नसते. बुद्धीची परीक्षा ती कला. विश्वासाचा घात तें कपट.

म्हणून व्यवहारांत ‘हा तर खेळच आहे’ असें म्हणून स्वतःस क्षमा करण्यापूर्वीं आपण एवढेंच विचारावें: समोरच्यानें हा खेळ खेळण्याचें कबूल केलें होतें काय?