चालते आहे तोवर चालू द्यावे काय?

दिंडीबरोबर हल्ली पाण्याचा टँकर असतो, सामानाचा ट्रक असतो, आणि पुष्कळ ठिकाणी एखादी जुनी ओम्नीही असते. पाय सुजलेली म्हातारी, ताप भरलेला टाळकरी, यांना पुढच्या मुक्कामी पोचवावयाचे काम तिचे. हिचे उत्पादन २०१९ साली थांबले. तेव्हा आज रस्त्यावर आहेत त्या सगळ्या वय झालेल्याच. प्रस्थानाआधी मिस्त्री सांगतो, "महाराज, तिन्ही प्लग बदला." लगेच कोणी म्हणतो, "चालतीय ना गाडी? मग भिशीचा पैसा कशाला घालवायचा?"

हे बोलणे चिक्कूपणाचे म्हणून उडवून लावू नये. ती भिशी कोणा माउलीने शेंगा विकून दिलेली असते. जुने दिसले की टाकावे, ही काही वैराग्याची खूण नव्हे. मग निवाडा कशाने करावा? आम्ही म्हणतो, आधी प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण नीट आहे. कोरडी काजळी असेल तर बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन तापते आहे. आणि ओले तेलकट असेल तर इंजिनचे तेल आत शिरते आहे. तिथे नवा प्लग घातला तरी तोही तेलकटच होणार. रिंगा झिजल्या त्याला प्लग काय करील? गळ्यात माळ नवी घातली म्हणून जीभ गोड होत नाही, तसेच हे.

आता रंग चांगला, तरी कडा पाहाव्यात. ठिणगी पडून पडून त्या गोल होतात, मधली फट वाढते. फट वाढली की ती ओलांडायला विजेचा दाब अधिक लागतो. सपाटीवर हे कळत नाही, गाडी गुण्यागोविंदाने चालते. पण दिवे घाट लागला, आत माणसे भरलेली, पाय दाबला, की सिलिंडरातली हवा जास्त दाटते आणि त्या दाटीत ठिणगी पडणे आणखी अवघड होते. मग तिघांतला एक मधूनच चुकतो, गाडी गचके खाते. म्हणजे "चालतीय ना" हे अंगणात खरे असते, चढावर नसते. अंगणातली परीक्षा कोण नापास होतो?

तेव्हा कडा झिजल्या असतील, किंवा प्लग केव्हा घातले हे कोणाला आठवतच नसेल, तर काही शे रुपयांसाठी त्या म्हातारीला घाटात बसवून ठेवू नये. ती काटकसर आपली, पण ऊन तिचे. कडा धारदार, रंग चांगला आणि फट मापात असेल तर मात्र मिस्त्रीला हात जोडून खुशाल नाही म्हणावे. त्यात कमीपणा कसला?

बदलायचे तर तिन्ही एकदम, त्याच गाडीला सांगितलेल्या नंबरचे. इंजिन गार असावे, भोवतीची धूळ आधी फुंकावी, आणि आटे पहिल्यांदा बोटांनीच धरवावेत; हेड ॲल्युमिनियमचे, आडवा पान्हा चालला की प्लगाच्या पैशात भागत नाही. जुन्यांतला बरा असेल तो पुसून, कागदात गुंडाळून, पान्ह्यासकट सीटखाली ठेवावा. वाटेत दुसऱ्या दिंडीची गाडी अडली तर तिलाही तो होईल.